पहिल्या धारेचे मोजमाप

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक ग्रामीण कथा शिकवत असताना ‘नवटाक’ हा शब्द आला. अर्थ विचारला तेव्हा मागच्या बाकांवर हसू पसरले आणि कोणीतरी म्हणाले, “गावठी दारू, सर.” उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. नवटाक हे मुळात माप आहे : शेराचा आठवा भाग, म्हणजे अर्धा पावशेर. तेल, तूप, मसाला या मापाने घेतला जाई. दारूबंदीच्या काळात चोरून विकली जाणारी दारू याच मापाने पेल्यात पडू लागली आणि मापाचे नाव मालाला चिकटले. ‘पावशेर’ या शब्दाचेही तेच झाले. पुढे दशमान पद्धती आली, शेर-छटाक दुकानांतून गेले, जुनी वजने भंगारात निघाली. नवटाक मात्र दारूच्या आधाराने भाषेत टिकून राहिली.

त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. मुलगा जळगाव जिल्ह्यातला, केळीच्या मळ्यात वाढलेला. पत्रासोबत एक आलेख होता : आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर तापमान, आणि १८ ते १९ अंशांच्या दरम्यान बारीक थरथरत जाणारी एक रेघ. घरातल्या तळघरात ठेवलेल्या बियरच्या पिंपाचा तो आलेख होता. त्याने लिहिले होते, “सर, गावाकडे विहिरीच्या मोटारीला जे लावत होतो, तेच इथे पिंपाला लावले आहे.” हे वाक्य मनात बराच काळ घोळत राहिले. यंत्र तेच, जोडणी करणारे हात तेच. पण हेच पिंप त्याने आपल्या गावी मांडले असते तर तो गुन्हा ठरला असता. असे का, याचा शोध घेताना हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

प्रथम त्या पिंपाविषयी. बियर करताना दोन टप्प्यांवर तापमान सांभाळावे लागते. मोड आणून वाळवलेले सातू दळून गरम पाण्यात साधारण तासभर ठेवतात, तेव्हा त्या पाण्याचे तापमान ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. पिठातील स्टार्चची साखर करणारी विकरे याच टापूत काम करतात. दोन-तीन अंश खाली आले तर पेय पातळ आणि कोरडे होते, वर गेले तर जड आणि गोडसर. नंतर यीस्ट घालून ते आंबवताना तापमान १८ ते २० अंशांवर ठेवावे लागते. गंमत अशी की आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे खोली थंड असली तरी पिंप आतून तापते. म्हणून पिंपात एक संवेदक बुडवलेला असतो. तो दर काही सेकंदांनी तापमान एका छोट्या संगणकीय पट्टीला कळवतो, आणि ती पट्टी रिलेच्या साहाय्याने शीतकपाट किंवा हीटर चालू-बंद करते. अशी ‘आर्डुइनो’ नावाची पट्टी २००५ साली इटलीतील इव्हरेया या गावी तयार झाली. तिच्या कर्त्यांची बैठक ज्या मद्यालयात जमे, त्याच्या नावावरून तिचे नाव पडले. कमी किमतीच्या या पट्टीमुळे जगभरच्या हौशी लोकांच्या हाती स्वयंचलनाचे तंत्र आले आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी ते प्रथम घरच्या बियरवर आजमावून पाहिले.

यात आश्चर्य काहीच नाही. युरोपात मोजमापाचे शास्त्र आणि मद्यनिर्मिती यांचा घरोबा जुना आहे. १७८४ साली इंग्लंडमधील जॉन रिचर्डसन यांनी द्रवातील साखरेचा अंदाज देणारे तरंगते मापक ब्रुअरीत रूढ केले. उष्णता आणि कार्य यांचे नाते प्रयोगाने सिद्ध करणारा जेम्स ज्यूल हा सॅलफर्डच्या ब्रुअरीवाल्या घराण्यातला. तापमानातील सूक्ष्म फरक टिपण्याची सवय त्याला त्या वातावरणात लागली असावी. आम्लता मोजण्याची ‘पीएच’ ही श्रेणी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी मांडली. संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ज्या ‘टी’ चाचणीशी झगडतो, ती १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली; तिचे कर्ते गॉसेट हे गिनेस कंपनीचे नोकर होते. कारखान्याला प्रत्येक पिंपाची चव कालच्यासारखी हवी होती, आणि त्या एकसारखेपणाच्या गरजेतून ही मापके जन्मली.

घरगुती पिंपाला मात्र कायद्याची परवानगी बऱ्याच उशिरा मिळाली. ब्रिटनमध्ये घरी बियर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९२० च्या दारूबंदीत बंद झालेली ही वाट १९३३ नंतरही बियरपुरती बंदच राहिली होती. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती मोकळी झाली : दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विक्री न करण्याच्या अटीवर. ही सवलत आंबवण्यापुरती होती. आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड करणे, म्हणजे दारू गाळणे, यासाठी तेथेही केंद्रीय कायद्याने परवाना लागतो. ‘आंबवणे’ आणि ‘गाळणे’ यांतील हा फरक पुढील विवेचनात लक्षात ठेवावा लागेल, कारण खानदेशच्या डोंगरपट्ट्यातील घरगुती पेय हे गाळलेले आहे.

सातपुड्यात मोहाला महू म्हणतात. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात, बायका-मुले ती टोपल्यांत वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. ही फुले टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनही पोटात गेली आहेत. दारूसाठी ती काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात. बुडबुडे येतात, थांबतात, वासाचा रंग बदलतो. मग भांडे चुलीवर चढते, त्यावर दुसरे भांडे, आणि वर थंड पाणी. हे पाणी तापले की बदलायचे. पाणी किती वेळा बदलले, यावरून गाळणे कुठवर आले ते कळते. थेंबभर दारू चुलीत टाकून ज्वाला पाहिली की तिचा कस कळतो. ‘पहिल्या धारेची’ हा आपण थट्टेने वापरतो तो वाक्प्रचार या कामातली नेमकी संज्ञा आहे : सर्वांत आधी येणारी धार सर्वांत कडक, नंतरची क्रमाने सौम्य. याच धारेतले चार थेंब देवाला आणि पूर्वजांना वाहिल्याशिवाय लग्न ठरत नसे की मयताचे दिवस होत नसत.

येथे संवेदक होते. ते नाकात, डोळ्यात आणि बोटांत होते. नियंत्रकही होता : चुलीतले लाकूड किती आत सारायचे आणि कधी बाहेर ओढायचे हे जाणणारा हात. आज अशा पिंपांवर जी गणिती रीत वापरतात, तिला पीआयडी म्हणतात. तिचे पहिले व्यवस्थित सैद्धांतिक विवेचन निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली केले, तेही जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या अनुभवी माणसांचे निरीक्षण करून. सुकाण्या या क्षणीची चूक पाहतो, मागची साचलेली चूक ध्यानात ठेवतो आणि चूक कोणत्या दिशेने वाढते आहे याचा अंदाज बांधतो. या तिन्हींची बेरीज म्हणजे त्याच्या हाताची हालचाल. चुलीपुढे बसलेली बाई याहून निराळे काही करत नव्हती. तिचे ज्ञान कोणी समीकरणात उतरवले नाही, एवढेच.

या चुलीपाशी पहिले शास्त्रीय मापक आले ते सरकारी माणसाच्या पिशवीतून. १८१६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये साइक्सचे हायड्रोमीटर जकात खात्याचे अधिकृत उपकरण ठरले होते. पितळेची ही पोकळ गोळी दारूत किती बुडते यावरून दारूचे बळ ठरे आणि बळावरून कर. बळाचे एकक होते ‘प्रूफ’ : बंदुकीच्या दारूवर मद्य ओतले आणि तरीही ती पेटली तर मद्य पुराव्यास उतरले, अशी त्यामागची परंपरागत समजूत. नंतरच्या हिशेबाने प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याहून २५ अंश खाली म्हणजे ‘२५ यू.पी.’. ५७.१ चा पाऊण हिस्सा काढला तर ४२.८ येतात. आपल्याकडील विदेशी पद्धतीच्या दारूच्या बाटलीवर आजही ४२.८ टक्के हा विचित्र आकडा छापलेला दिसतो, त्याचे मूळ हे आहे. राज्य गेले, शेर गेला, पण साइक्सच्या गोळीचा अपूर्णांक बाटलीवर राहिला.

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि परवान्याशिवाय दारू करणे हा गुन्हा ठरला. घरोघरच्या चुलीऐवजी एका जागी, पहाऱ्यात, मोजून गाळलेली दारू आणि ती विकणारा मक्तेदार अशी व्यवस्था सरकारला हवी होती. कर वसूल करायचा तर मोजमाप हवे, आणि मोजमाप करायचे तर भट्ट्या थोड्या आणि मोठ्या हव्यात. शेकडो पाड्यांवरच्या मडक्यांत कोण गोळी बुडवत बसणार ? १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात फूल बाळगण्यावर आणि विकण्यावरच बंधने आणली. जे फूल कोणाच्या भाकरीत जाई, ते सरकारच्या दृष्टीने दारूचा कच्चा माल झाले.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागे महसूल नव्हता, गांधीविचार होता. तरी गुन्ह्याची व्याख्या तीच राहिली, किंबहुना व्यापक झाली. दारू करणे तर सोडाच, ती करण्यासाठी भट्टी, भांडी वा साहित्य बाळगणे हेही या कायद्याखाली शिक्षेस पात्र आहे. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, परवान्याची दुकाने उघडली, २००९ साली तर पुण्यात ग्राहकांसमोर बियर करणारी छोटी ब्रुअरीही परवान्याने सुरू झाली. घरच्या मडक्याला मात्र वाट मिळाली नाही. जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत आजही ठरावीक वाक्य येते : अमुक शिवारात नाल्याकाठी छापा, इतके लिटर गूळमिश्रित ‘कच्चे-पक्के रसायन’ जागीच नष्ट. ‘रसायन’ हा आयुर्वेदाचा केवढा भारदस्त शब्द ! पंचनाम्यात तो कोठून आला कोण जाणे. तेथेही मोजले जाते ते लिटर आणि किंमत. रसायनात काय होते, हे मोजण्याचे ते स्थळ नसते.

या ठिकाणी मापकाच्या स्वभावाकडे वळावे लागते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मारणारे द्रव्य होते मिथेनॉल. साध्या अल्कोहोलची घनता ०.७८९ आणि मिथेनॉलची ०.७९२ ! तरंगत्या मापकाला या दोहोंतला फरक दिसत नाही. ज्या उपकरणाने दीडशे-दोनशे वर्षे दारूची पारख केली, ते उपकरण विषाच्या बाबतीत आंधळे आहे. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. त्याला प्रश्न विचारला गेला होता तो कराचा : या पिंपातून सरकारला किती मिळेल ? पिणारा जगेल का, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवलाच गेला नव्हता. मापक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे इतिहासाने ठरवलेले असते. सरकारने कर विचारला, कारखान्याने एकसारखेपणा विचारला. माझ्या विद्यार्थ्याच्या तळघरातला संवेदक पहिल्यांदाच करणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न विचारतो : मागच्या खेपेपेक्षा ही बरी झाली का ? यासाठी मला त्याचे ते पिंप महत्त्वाचे वाटते.

गोव्यात याच्या जवळ जाणारे उदाहरण आहे. तेथे काजूची फेणी गाळणारा भट्टीवाला धारेत मापक बुडवून ‘ग्राव’ पाहतो. हे पोर्तुगीज काळातून आलेले जुने एकक. उर्राक साधारण पंधरा ग्रावांची, फेणी एकोणीस-वीस ग्रावांची. उपकरण परके होते, पण ते परवान्याच्या भट्टीत करणाऱ्याच्याच हाती राहिले आणि त्याच्या बोलीत मिसळले. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. खानदेशच्या महूला असे काही घडले नाही, कारण तिचा कर्ता पुढे येऊन “हे मी केले” असे म्हणूच शकत नव्हता. लपून केलेल्या कामात कसब झिजते. नाल्याकाठी, रात्री, घाईने, महूऐवजी काळा गूळ आणि नवसागर घालून जे गाळले जाऊ लागले, त्याच्याशी देवाला वाहिल्या जाणाऱ्या धारेचे नाते फारसे उरले नाही.

पण येथेच थांबलो तर हा लेख एका हरवलेल्या परंपरेचे गोड रडगाणे होईल, आणि ते खरे होणार नाही. कारण चुलीचा आणि मडक्याचा हिशेब खुद्द आदिवासी समाजानेही मांडला आहे, आणि तो सरकारपेक्षा कठोर आहे. १९२२ च्या अखेरीस, म्हणजे मिनोर्स्कींचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, पालघरच्या किनाऱ्याकडून आलेली एक ‘देवी’ दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत अंगात येऊ लागली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, असा तिचा आदेश होता. लोकांनी मक्तेदारांच्या दुकानांकडे पाठ फिरवली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा अर्थ लावला आहे : दारूमुळे येणारे कर्ज आणि त्यातून येणारी ताबेदारी नाकारण्याची ती एक रीत होती. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोद्याच्या परिसरात गुलाम महाराजांनी हेच सांगितले. त्यांच्या अनुयायांनी दारू सोडली आणि एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले. ज्यांना सगळे जग ‘अरे-तुरे’ करत होते, त्यांनी आदरार्थी सर्वनाम स्वतःसाठी उचलले. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठी क्रांती क्वचित दिसावी.

आणि मग शहादा. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात १९७० च्या दशकारंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासी शेतमजूर जमीन आणि मजुरी यांसाठी उठले. त्या शिबिरांत बायका बोलू लागल्या तेव्हा पहिला विषय निघाला तो दारूचा आणि मारहाणीचा. १९७२-७३ च्या सुमारास गावोगाव जथ्थ्यांनी फिरून त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांच्या हाती हायड्रोमीटर नव्हते, संवेदक नव्हता. त्यांचे मापक साधे होते : आठवड्याच्या मजुरीतले घरी किती आले, आणि अंगावर वळ किती उठले. कराचे, चवीचे वा कसाचे कोणतेही माप हा प्रश्न विचारत नाही. तो विचारायला ज्यांच्या अंगावर परिणाम होतो तीच माणसे लागतात.

आज या साऱ्याला नवे वळण लागले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरील बंधने सैल केली. नर्मदेपलीकडे, नंदुरबारला लागून असलेल्या अलिराजपूर जिल्ह्यात मध्य प्रदेश शासनाच्या वारसा-मद्य धोरणाखाली आदिवासी बचतगट महूची दारू परवान्याने गाळून बाटलीत भरतो. बाटली म्हटली की कस एकसारखा हवा; कस एकसारखा हवा म्हणजे तापमापक, नियंत्रक, आलेख हे सारे मागोमाग येणार. त्याची तांत्रिक अडचण खानदेशाला पडण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहून कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी मोटारीला ‘ऑटो’ बसवले, मोबाइलवरून पंप चालू-बंद केले. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी पिकवण्याच्या शीतखोल्यांत तापमान, आर्द्रता आणि वायू यांवर संवेदकांची नजर असते. जळगावच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांच्या झळांत, पिंप १८ अंशांवर ठेवणे खर्चाचे आहे, अशक्य नाही.

माझ्या विद्यार्थ्याला उत्तर पाठवताना मी हे सगळे लिहिले नाही. एवढेच लिहिले की तुझ्या आलेखातली रेघ सुंदर आहे, आणि उद्या सातपुड्यात एखाद्या बचतगटाला अशी जोडणी करून द्यायची वेळ आली, तर तारा जोडण्याआधी तिथल्या बायकांना विचार, त्यांना काय मोजून हवे आहे. धारेतला कस त्या आजही ज्वालेवरून सांगतील. त्यांना कदाचित विष ओळखणारे काही हवे असेल. कदाचित किती गाळले, किती विकले आणि पैसा कोणाच्या हातात पडला, याची कोणालाही खोडता न येणारी नोंद हवी असेल. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले : “तापमानाचा संवेदक सोपा आहे, सर. दुसरे काम अवघड आहे. पण प्रश्न पटला.”